पंखा फिरतो, विंडोज येत नाही

धाटावसारख्या रासायनिक औद्योगिक वसाहतीत संगणक अडला की पहिला संशय रॅमवर घ्यावा. कोकणातला दमटपणा आणि हवेतले आम्लधर्मी वायू एकत्र आले की तांब्या-चांदीचे जोड काळवंडतात. पडदा काळा आणि नुसती बीप वाजत असेल तर वीज पूर्ण तोडा, रॅमची पट्टी काढा, तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसा आणि पट्टी खटकन् बसेपर्यंत दाबा.

'बूट डिव्हाइस' सापडत नाही असा संदेश आला तर आधी पेनड्राइव्ह उपसून पाहा. घड्याळही मागे पडले असेल तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल बहुधा संपलेला असतो. त्यामुळे बायोसची मांडणी मूळपदावर जाते आणि चांगली डिस्कसुद्धा दिसेनाशी होऊ शकते. सेल बदलणे ही स्वस्तातली दुरुस्ती, पण दुकानात ती शेवटी आठवते!

विंडोज लागोपाठ दोनदा अर्ध्यात अडले की पुढच्या वेळी दुरुस्तीचा पडदा बहुधा आपोआप उघडतो. तिथून 'सेफ मोड' गाठता येतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले, तेव्हा हाच मार्ग कामी आला: सेफ मोडमध्ये जाऊन सदोष फाइल काढायची. डिस्कला कुलूप घालणारे बिटलॉकर चालू असलेल्या यंत्रांना मात्र त्याआधी ४८ अंकी किल्ली लागली. तुमच्याकडे बिटलॉकर असेल तर आपली किल्ली आजच कागदावर उतरवून ठेवा.

हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर यंत्र पुन्हा पुन्हा चालू करू नका, आणि डिस्कवरच्या हिशेबाची प्रत हाती येईपर्यंत कुणालाही फॉरमॅट मारू देऊ नका.