परतलेला कर्करोग नेमका कुठे आहे?

प्रोस्टेटचा कर्करोग हा मुख्यतः साठी ओलांडलेल्या पुरुषांचा आजार. पुण्याच्या कर्करोग नोंदींत तो पुरुषांमधल्या आघाडीच्या कर्करोगांत आहे. ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली की रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशींतून येणारे प्रथिन, काही आठवड्यांत जवळजवळ शून्यावर यायला हवा. तो पुन्हा वाढून लागोपाठ दोन तपासण्यांत दर मिलिलिटरला ०.२ नॅनोग्रॅम किंवा अधिक आला, तर आजार परतला असे धरतात. पण कुठे? ते पीएसए सांगत नाही.

सीटी स्कॅनला लसिकाग्रंथी सुजलेली दिसावी लागते, आणि एवढ्या कमी पीएसएला गाठ बहुधा काही मिलिमीटरचीच असते. म्हणून वर्षानुवर्षे डॉक्टर अंदाजानेच ओटीपोटाला किरणोपचार देत आले.

हे चित्र पीएसएमए पेट-सीटीने पालटले. प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवर पीएसएमए नावाचे प्रथिन भरपूर असते. त्याला चिकटणाऱ्या रेणूवर किरणोत्सारी गॅलियम-६८ बसवून २०११ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला रुग्णांची तपासणी सुरू झाली. इंजेक्शननंतर साधारण तासाभराने स्कॅन करतात. गॅलियममधून निघणारा पॉझिट्रॉन शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी गॅमा किरणांची जोडी विरुद्ध दिशांना सुटते. यंत्राचे कडे ही जोडी एकाच क्षणी टिपते आणि अशा असंख्य जोड्यांवरून उगमाची जागा काढते. रात्री मिटलेल्या मंडईत सगळे गाळे सारखेच दिसतात, पण एकात दिवा जळत राहिला तर तो लांबूनही कळतो. हे स्कॅन गाळ्याचा आकार मोजत नाही, दिवा शोधते.

गॅलियमचे अर्धायुष्य अवघे ६८ मिनिटे. पण ते जर्मेनियम-६८ पासून मिळते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे २७१ दिवस. त्यामुळे जर्मेनियम भरलेला एक जनरेटर महिनोन्‌महिने पुरतो, रुग्णालयाला स्वतःचा सायक्लोट्रॉन लागत नाही. लहान शहरांसाठी मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६३५ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात पीएसए ०.५ पेक्षा कमी असताना ३८ टक्के रुग्णांत आजाराची जागा सापडली, ५ किंवा अधिक असताना ९७ टक्क्यांत. म्हणजे सुरुवातीला स्कॅन कोरे आले तरी आजार नाही असे मुळीच नव्हे, आणि तेवढ्यावरून किरणोपचार लांबवू नयेत. शिवाय औषध लघवीतून बाहेर पडत असल्याने मूत्राशय स्वतःच चमकते. त्याला खेटून असलेली गाठ झाकली जाऊ शकते. तिथे एमआरआय मदतीला येतो.

भारतातले पहिले पेट स्कॅन २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. १९६३ पासून चालणारे हे केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राचे. तिथे याच पीएसएमएचा उपयोग उपचारासाठीही होतो: गॅलियमच्या जागी ल्युटेशियम-१७७ जोडले की त्याचे बीटा कण जेमतेम दोन मिलिमीटरच्या परिघातल्या पेशी मारतात. पसरलेल्या आणि इतर औषधांना दाद न देणाऱ्या आजारात हा उपचार देतात. त्यासाठीचे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत बनते.