ब्लेझर कशासाठी?

व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याच्या हाती अनेक संस्थांत पुस्तकांच्या यादीबरोबर कपड्यांचीही यादी पडते. फिकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पँट, काळे चामडी बूट, टाय आणि ब्लेझर. पदवीपर्यंत जीन्स-टीशर्टमध्ये वावरलेल्या तरुणांना हा शाळेचा गणवेशच पुन्हा अंगावर आल्यासारखा वाटतो. वास्तविक दोहोंत फरक आहे. गणवेश सर्वांना सारखे करतो, तर ड्रेसकोडने प्रसंग ओळखून पोशाख निवडण्याची सवय लावणे अपेक्षित असते.

या संकेताच्या ढोबळमानाने दोन पायऱ्या आहेत. 'बिझनेस फॉर्मल' म्हणजे सूट किंवा ब्लेझर-टाय. मुलींसाठी सूट, साडी अथवा साधा, नेटका सलवार-कमीज. नोकरीच्या मुलाखती आणि उद्योगातील पाहुण्यांसमोरील सादरीकरण यांसाठी तो योजला जातो. 'बिझनेस कॅज्युअल'मध्ये टायला सुट्टी मिळते. कॉलरचा शर्ट, साधी पँट किंवा कुर्ता चालतो. रोजच्या तासांना एवढे पुरेसे ठरावे.

पोशाखाने माणूस हुशार होतो काय? २०१२ मध्ये हाजो अॅडम आणि अॅडम गॅलिन्स्की या संशोधकांनी, प्रयोगशाळेतील पांढरा कोट घातल्यास लक्ष अधिक एकाग्र होते, असा निष्कर्ष मांडला होता. २०१९ मध्ये त्यांच्या पहिल्या प्रयोगाची पुनरावृत्ती केली असता तो टिकला नाही. तेव्हा ब्लेझरमध्ये जादू नाही. तो व्यवसायातील एक संकेत आहे आणि संकेत ज्याला ठाऊक, त्याला त्याचा लाभ होतो.

खरा प्रश्न इथेच उद्भवतो. बँकेतील अधिकाऱ्याच्या मुलाला मुलाखतीला काय घालावे, हे घरातच कळते. तालुक्याच्या गावातून आलेल्या, घरातील पहिल्याच पदवीधराला ते कोणी सांगितलेले नसते. अलिखित नियम नेमका त्याला अडवतो. लेखी आणि स्पष्ट नियम असेल तर ही दरी काही अंशी बुजते. मात्र संस्थेने ठरावीक दुकानातील महागडा ब्लेझर सक्तीचा केला, की तोच नियम शुल्काच्या ओझ्यात भर घालतो. सामान्य शिंप्याकडून शिवलेला, स्वच्छ, इस्त्री केलेला शर्ट व्यावसायिकतेत कुठेही उणा नसतो.

हवामानाचाही विचार हवा. सूट हा थंड प्रदेशातील पेहराव. मे महिन्यात तो चढवून मुंबईच्या लोकलमधून येणाऱ्याची अवस्था वर्णन करण्याची गरज नाही. जपान सरकारने २००५ मध्ये 'कूल बिझ' मोहीम हाती घेतली. उन्हाळ्यात वातानुकूलन २८ अंशांवर ठेवावे आणि टाय-जाकिटाविना कामावर यावे, असे आवाहन केले. आपल्याकडेही बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार सर्वोच्च व उच्च न्यायालये वगळता अन्यत्र वकिलांना उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. न्यायालयाला जी सवलत मान्य आहे, ती वर्गाला का नसावी?

ज्या वित्तक्षेत्राकडे पाहून हे नियम बेतले गेले, तेही बदलले आहे. जेपी मॉर्गन चेसने २०१६ मध्ये बहुतांश प्रसंगी बिझनेस कॅज्युअलला मुभा दिली. २०१९ मध्ये गोल्डमन सॅक्सने ड्रेसकोड शिथिल केला आणि ग्राहकाच्या अपेक्षा लक्षात घेऊन पोशाख ठरवण्याचे तारतम्य कर्मचाऱ्यांवर सोपवले. हे तारतम्य आठवड्याचे सहाही दिवस टाय बांधून येत नाही; निवड करण्याची संधी मिळाली तरच येते.

म्हणून संस्थांनी ब्लेझर मुलाखती आणि सादरीकरणापुरता ठेवावा, ज्यांना तो परवडत नाही त्यांच्यासाठी काही जोड संस्थेतच उपलब्ध करावेत आणि भारतीय पोशाखाला बरोबरीचे स्थान द्यावे. मुलींच्या कपड्यांबाबतचा नियमही मुलांइतकाच नेमका असावा. 'शालीन' यासारखा मोघम शब्द वापरला, की निर्णय दारावरच्या पहारेकऱ्याच्या मर्जीवर जातो. नियमामागील कारण विद्यार्थ्यांना समजावून सांगितले, तर तो पाळून घेण्यासाठी दंडाची गरज क्वचितच भासेल.