सुपातल्या विड्या, हवानाचे सिगार

शीळफाट्यावर गाड्या हलेपर्यंत ट्रकवाला निवांत एक विडी संपवतो. कल्याण, मुंब्रा, महापे आणि पनवेलकडची वाहने तिथे एकमेकांच्या मानगुटीवर बसलेली असतात, त्यामुळे वेळेला तोटा नसतो. त्याचा ट्रक यंत्रावर बनलेला, खिशातला लायटर यंत्रावर बनलेला. बोटांतली विडी मात्र हाताने वळलेली. तीही बहुधा कारखान्यात नव्हे, तर कोणाच्या तरी घरात, मांडीवरच्या सुपात.

अमेरिका-युरोपातली काही हौशी मंडळी घरच्या घरी सिगार वळतात. तंबाखूची अख्खी पाने मागवायची, लाकडी साचा घ्यायचा, ‘चावेता’ नावाची अर्धगोल सुरी घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी दोन-चार सिगार वळून मित्रांपुढे मिरवायचे. तिकडे छंद, इकडे धंदा. कसब कोणाचे मोठे, असे विचाराल तर निकाल आत्ताच देऊन टाकतो: विडी वळणाऱ्या सोलापूरच्या बाईचे. पुढचा मजकूर वाचून पटते का बघा.

अंगभर तंबाखू

सिगारच्या पोटात तंबाखू, पोटाला गुंडाळलेले पान तंबाखूचे आणि वरचा झुळझुळीत अंगरखाही तंबाखूचाच. पोटातही वर्गवारी असते. झाडाच्या शेंड्याकडची पाने कडक आणि सावकाश जळणारी, म्हणून ती मधोमध. खालची पाने भराभर पेटणारी, ती सिगार विझू न देण्यासाठी. विडीचा मामला साधा: चिमूटभर तंबाखू आणि वर रानातले पान.

चिमूटभर म्हणजे किती? साधारण ०.२ ग्रॅम. थोराड सिगारमध्ये १५-१६ ग्रॅम तंबाखू सहज जाते. म्हणजे सुटाबुटातला एक सिगार बरोबर पाऊणशे-ऐंशी विड्या. तरीही विडीला गरीब बिचारी समजू नका. तिचे पान कागदासारखे हवा खेळू देत नाही, ओढले नाही की विझते. ती पेटती ठेवायला झुरके जास्त आणि जोरात मारावे लागतात, आणि धुरासोबत डांबर आणि कार्बन मोनॉक्साइडही साध्या सिगरेटीहून जास्त आत जातो.

सोन्याचे पान, धुराचे पान

दसऱ्याला आपण ज्याचे सोने लुटतो त्या आपट्याच्या पानातही विडी वळली जाते. कुड्याचे पान चालते, कुंभ्याचेही चालते. कोकणात आणि ठाणे जिल्ह्याच्या रानपट्ट्यात ही झाडे मुबलक. जुन्या पिढीतला शेतकरी कमरेला चंची बाळगायचा. तीत तंबाखू, सुकलेली पाने आणि जोडीला चकमक. बांधावर टेकायचे, पान निवडायचे, वळायची, ठिणगी पाडायची. घरी सिगार वळण्याच्या छंदाचा आपला खराखुरा भाऊबंद हाच: स्वतःसाठी, स्वतःच्या हाताने, फुकटच्या पानात. त्याच्यासाठी लाकडी साचा कोणी विकत नव्हते, एवढाच फरक.

बाजारात मात्र राज्य टेंभुर्णीचे, म्हणजेच तेंदूचे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत उन्हाळ्यात भल्या पहाटे माणसे पाने तोडायला रानात शिरतात. आपल्याकडे सत्तर पानांचा एक पुडा बांधायची रीत आहे. तो उन्हात वाळतो आणि मग व्यापाऱ्याकडे जातो. पान लवचीक, सुकल्यावरही वळताना न फाटणारे, म्हणून त्याला मान. महाराष्ट्राने १९६९ साली तेंदूपानांसारख्या गौण वनोपजाच्या व्यापारासाठी स्वतंत्र कायदाच केला. हे झाड परदेशातल्या महागड्या पर्सिमॉनच्या सख्ख्या कुळातले आहे. त्याची पिवळी गोड टेंभरे रानातली पोरे खातात, शहरातली पोरे पर्सिमॉन ऑनलाइन मागवतात.

हजाराचे गणित

आता मूळ कामाकडे. पाने आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात ठेवायची. सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने लांबट चौकोन कापायचे. शिरा जाड असल्या की विडी नीट जळत नाही, तेवढा भाग टाळायचा. सूप मांडीवर. पान हातात, तंबाखू पसरली, बोटांनी गुंडाळली, रुंद तोंड आत दुमडले, निमुळत्या टोकाला दोऱ्याची गाठ. झाली एक. आता आणखी नऊशे नव्व्याण्णव, कारण मजुरी हजारावर मिळते.

शिवाय मोजून घेणारा माणूस सगळ्याच विड्या स्वीकारत नाही. सैल निघाली, पान फाटले, वाकडी झाली की ती बाजूला. पान खराब आले तरी विड्या पूर्ण द्यायच्या, कमी पडलेले पान पदरचे. हौशी सिगारवाल्याचा एखादा सिगार बिघडला तर तो हसतो आणि फोटो काढतो. इथे हसायची सोय नाही.

स्वीकारलेल्या विड्या मग भट्टीत शेकतात, पंचवीस-पंचवीसच्या बंडलात बांधल्या जातात आणि वर छाप चिकटतो. छापाचेही किस्से असतात. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची ‘संभाजी विडी’ वर्षानुवर्षे विकली जात होती. छत्रपतींचे नाव विडीला नको, या मागणीने जोर धरला आणि २०२० मध्ये कंपनीने नाव बदलत असल्याचे जाहीर केले. आता ती ‘साबळे’.

अकबराचा पहिला झुरका

तंबाखू पोर्तुगीजांच्या जहाजातून आली हे सगळ्यांना ठाऊक. ती मुघल दरबारात कुठून पोहोचली? विजापुरातून. असद बेग नावाचा अकबराचा वकील आदिलशाहीत गेला होता. परतताना, १६०४ च्या सुमारास, त्याने तंबाखू आणि रत्नजडित नळी बादशहापुढे ठेवली. अकबराने कुतूहलाने झुरका घेतला, हकीम कळवळून नको म्हणाला, पण दरबारी मंडळींनी मागणी सुरू केली ती केलीच. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूबंदीचे फर्मान काढले. त्या फर्मानाचे काय झाले ते आजूबाजूला दिसतेच आहे.

वाचणारा एक, वळणारे शंभर

हे मला सगळ्यांत आवडलेले. हवानाच्या ‘एल फिगारो’ सिगार कारखान्यात १८६५ साली एक वाचक नेमला गेला. कामगारांचे हात गुंतलेले, कान मोकळे. म्हणून वाचकाने उंच बैठकीवरून वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचायच्या. ड्यूमाची ‘काउंट ऑफ माँटे ख्रिस्तो’ कामगारांना इतकी भावली की ‘माँटेक्रिस्तो’ नावाचा सिगारच निघाला.

आपल्या केरळात कण्णूरच्या विडीवाल्यांनी तेच केले. विडी वळताना एकजण पेपर वाचणार, बाकीचे त्याच्या वाटच्या विड्या वळून देणार. तिथल्या कामगारांनी १९६९ मध्ये ‘दिनेश बीडी’ ही सहकारी संस्था काढली. विडीचे दिवस उतरणीला लागल्यावर तीच संस्था मसाले आणि छत्र्याही विकू लागली. सोलापुरात काम घरोघर वाटलेले, त्यामुळे वाचक नेमणार कोण? तिथे ते काम टीव्हीवरच्या मालिकांनी पत्करले. ड्यूमापेक्षा सासू-सुनांचे कारस्थान काही कमी गुंतागुंतीचे नसते.

घरे आणि गोळ्या

सोलापूरच्या विडी कामगार बायकांमध्ये तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या बायका मोठ्या संख्येने. नवरा यंत्रमागावर, बायको विडीवर, असा संसार. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने सोलापूरजवळ कुंभारीला या बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला नाव गोदूताई परुळेकरांचे, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारली आंदोलनाच्या नेत्या. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचा ताबा दिला गेला.

निपाणीची आठवण कडू आहे. विडीच्या तंबाखूची ही मोठी पेठ. भाव मिळावा म्हणून शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. ६ एप्रिल १९८१ ला पोलिसांनी गोळीबार केला, बारा शेतकरी गेले. तंबाखूच्या वखारीत धूळ खात राबणाऱ्या निपाणीच्या बायकांवर ‘युगांतर’ या गटाने १९८२ मध्ये माहितीपट केला. विडीच्या गोष्टीत गंमत आहे, पण गमतीवर भागत नाही ते असे.

कायद्याने मात्र विडी आणि सिगार यांना सख्खी भावंडे मानले. १९६६ च्या कायद्याचे नावच ‘विडी व सिगार कामगार’ असे होते आणि घरी बसून वळणाऱ्यांनाही त्यात कामगार म्हटले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत सामावला गेला.

शीळमध्ये जमेल का?

कोणाला हौस आलीच तर हवामानाचे ऐका. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता हवी, तीही कायम एकसारखी. पारसिकच्या डोंगराला जुलैत ढग टेकले की शीळ-डोंबिवलीच्या घरांत पापड मऊ पडतात, तिथे सिगारवर बुरशी न येती तरच नवल. बुरशी टळली तर तंबाखूचा भुंगा. उकाड्यात त्याची अंडी फुटतात आणि अळ्या सिगारला भोके पाडतात. परदेशातले हौशी लोक त्यावर उपाय म्हणून सिगार फ्रीझरमध्ये ठेवतात. आइस्क्रीमशेजारी सिगार ठेवलेला घरातल्यांना चालेल का, हे ज्याचे त्याने विचारून घ्यावे.

हौस फारच दांडगी असेल तर क्यूबाच्या होसे कास्तेलारचे उदाहरण आहे. फिडेल कास्त्रोच्या नव्वदीला, २०१६ मध्ये, या माणसाने हाताने नव्वद मीटर लांब सिगार वळला. उभा केला तर तीस मजली इमारतीएवढा.

टपरीवर सुटी विडी मागत असाल तर तेही ऐकून ठेवा: महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगरेटी-विड्या विकायला बंदी केली आहे. आणि पाकिटावरच्या भयंकर चित्राखाली एक दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो, तिकडे कोणाचे लक्ष जात नाही: १८०० ११ २३५६. तंबाखू सोडायला मदत करणारी ती राष्ट्रीय सेवा आहे आणि फोन फुकट लागतो.