आधी विमानाचे तिकीट की आधी निवास? : प्रवासनियोजनातील निर्णयक्रम

प्रस्तावना

मराठी प्रवासवर्णने बहुधा प्रस्थानापासून सुरू होतात. त्यापूर्वी घरात झालेली आकडेमोड त्यांत क्वचितच येते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानात गेले, तेव्हा मुक्कामाची जागा महिनोन्महिने आधी राखून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. धर्मशाळा, देवळाची ओवरी, तीर्थोपाध्यायाचे घर किंवा ओळखीच्या कुटुंबाचा आश्रय यांवर त्या काळचा प्रवासी विसंबून असे. आज प्रवास आणि निवास या दोन्ही गोष्टी दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून, बऱ्याच आधी, पैसे मोजून घ्याव्या लागतात. विमान कंपनीला आपल्या खोलीशी आणि हॉटेलला आपल्या तिकिटाशी काही कर्तव्य नसते. एक मिळाले व दुसरे मिळाले नाही, तर होणारी हानी एकट्या प्रवाशाची असते. वर्षभराच्या बचतीतून सहल करणाऱ्या कुटुंबाला ती सहज सोसणारी नसते. म्हणून या दोहोंचा क्रम कसा ठरवावा, हे प्रस्तुत पाठात पाहू.

दोन व्यवहारांचे स्वरूप

विमानातील रिकामे आसन आणि हॉटेलातील रिकामी खोली या दोन्ही नाशवंत वस्तू आहेत. विमान उडाले किंवा रात्र सरली की त्यांचे मोल शून्य होते. तरीही त्यांच्या विक्रीची रीत वेगळी आहे.

विमान कंपनी एकाच वर्गातील आसने अनेक भाडेगटांत विभागते. स्वस्त गटातील आसने संपली की पुढचा महाग गट खुला होतो. त्यामुळे शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांनी निरनिराळे भाडे दिलेले असू शकते. तिकीट विशिष्ट व्यक्तीच्या नावावर असते. ते दुसऱ्याला देता येत नाही. तारीख बदलायची झाल्यास बदलाचे शुल्क आणि भाड्यातील फरक असा दुहेरी भार पडू शकतो. तिकीट रद्द केल्यास वैधानिक कर व विमानतळाशी संबंधित शुल्के परत करावीत, असा भारतातील नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. परंतु सवलतीच्या तिकिटाचे मूळ भाडे बहुधा परत मिळत नाही.

हॉटेलांच्या बाबतीत अनेकदा दोन दर आढळतात. एक कमी, पण परतावा न देणारा. दुसरा थोडा अधिक, पण ठरावीक दिवसापर्यंत विनाशुल्क रद्द करता येणारा. या दोन दरांतील फरक म्हणजे आपल्या निर्णयस्वातंत्र्याची किंमत होय.

निर्णयाच्या दोन कसोट्या

या विवेचनातून दोन कसोट्या हाती येतात. पहिली कसोटी दुर्मिळतेची: प्रवास आणि निवास यांपैकी कोणती गोष्ट आधी संपेल आणि संपल्यावर तिला पर्याय उरणार नाही? दुसरी कसोटी परतीची: कोणत्या व्यवहारातून नुकसान न होता माघार घेता येते? दुर्मिळ गोष्ट प्रथम निश्चित करावी, आणि जिथून माघार घेता येत नाही असे पाऊल दुसरी बाजू सुरक्षित झाल्यावरच टाकावे.

गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्याला पहिली कसोटी शिकवावी लागत नाही. गावी घर आहे, निवासाची चिंता नाही. गाडीचे आरक्षण मात्र दुर्मिळ. म्हणून साठ दिवस आधी आरक्षण खुले होताच तो तिकीट काढतो. घर नसलेल्या ठिकाणी जाताना हाच विचार कसा करावा, हे तीन उदाहरणांनी पाहू.

उदाहरणे

अंदमान : सेल्युलर जेल पाहण्याच्या ओढीने अनेक मराठी कुटुंबे अंदमानला जातात. तेथे रस्त्याने किंवा रेल्वेने पोहोचता येत नाही. चेन्नई, कोलकाता वा विशाखापट्टणम येथून जहाजाने जायचे तर सुमारे तीन दिवस लागतात. मोजक्या रजेत विमानाला पर्याय नाही. उलट पोर्ट ब्लेअरमध्ये, म्हणजे आताच्या श्री विजय पुरममध्ये, निरनिराळ्या दरांची हॉटेले आहेत. शिवाय विमान किती वाजता उतरते, यावर पहिली रात्र कोठे काढायची हे ठरते. सकाळी उतरल्यास त्याच दिवशी बोटीने स्वराज द्वीप गाठता येणे शक्य असते. दुपारनंतर उतरल्यास पहिला मुक्काम शहरातच करावा लागतो. येथे विमानाची निवड आधी आणि निवासाची तिच्यामागून, हाच क्रम योग्य ठरतो.

हॉर्नबिल महोत्सव : नागालँडमध्ये २००० सालापासून भरणारा हा महोत्सव दरवर्षी १ ते १० डिसेंबर या काळात कोहिमाजवळील किसामा येथे होतो. तारखा ठरलेल्या, पाहुणे पुष्कळ आणि डोंगरावरील कोहिमा शहरातील खोल्या मर्यादित. प्रवासाला मात्र पर्याय आहेत. दिमापूरपर्यंत विमानाने जाता येते किंवा गुवाहाटीला उतरून रेल्वेने दिमापूर गाठता येते. तेथून कोहिमा रस्त्याने सुमारे ७० किलोमीटर आहे. म्हणून येथे निवास आधी. नागालँडच्या प्रवेशासाठी लागणारा अंतर्गत प्रवेश परवाना काढण्याचे कामही नियोजनात धरावे.

ताडोबा : मुंबई-पुण्याहून ताडोबाला जाणारे पर्यटक पुष्कळदा नागपूरचे विमान आणि रिसॉर्ट ठरवून मग सफारीचा विचार करतात. येथे सर्वांत दुर्मिळ गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक प्रवेशद्वारातून सकाळी व दुपारी ठरावीक संख्येनेच गाड्या सोडल्या जातात. गाभा क्षेत्र मंगळवारी आणि पावसाळ्यात बंद असते. मोहर्ली आणि कोलारा ही प्रवेशद्वारे एकमेकांपासून दूर आहेत. परवाना एका द्वाराचा आणि खोली दुसऱ्या द्वाराजवळ, अशी स्थिती झाल्यास पहाटेची सफारी हुकण्याचा धोका असतो. म्हणून सफारी, मग त्या द्वाराजवळचा निवास आणि शेवटी नागपूरचे तिकीट, असा क्रम लावावा. ‘विमान की निवास’ या प्रश्नाचे उत्तर कधी कधी तिसऱ्याच गोष्टीत असते, ते असे.

एक हिशेब

दुर्मिळता दोन्हीकडे सारखीच असेल तर दुसरी कसोटी निर्णायक ठरते. समजा, पुण्यातील चौघांच्या कुटुंबाला दिवाळीत पाच रात्रींच्या सहलीला जायचे आहे. तिकिटे प्रत्येकी १४,००० रुपये, म्हणजे एकूण ५६,००० रुपये. खोलीचा परतावा न देणारा दर रात्रीला ४,००० रुपये, म्हणजे २०,००० रुपये. रद्द करता येणारा दर ४,५०० रुपये, म्हणजे २२,५०० रुपये.

कुटुंबाने तिकिटे आधी काढली आणि आठवड्याने शोध घेतल्यावर ८,००० रुपयांचीच खोली शिल्लक राहिली, तर निवासाचा खर्च ४०,००० रुपये होईल. तो टाळण्यासाठी तिकिटे रद्द करावीत, तर ५६,००० रुपयांतील मोठा भाग बुडेल. स्वस्त खोली आधी घेतली आणि तिकिटे आवाक्याबाहेर गेली, तर २०,००० रुपये जातील. रद्द करता येणारी खोली प्रथम राखून त्याच बैठकीत तिकिटे काढली, तर अधिकचा खर्च केवळ २,५०० रुपयांचा होतो. पुढे विमान कंपनीने वेळ बदलली किंवा उड्डाण रद्द केले, तरी विहित मुदतीत खोली सोडून देता येते.

घ्यावयाची दक्षता

बुकिंग करण्यापूर्वी दोन्हींची उपलब्धता एकाच वेळी पाहावी. खोली रद्द करण्याची अंतिम तारीख वहीत नोंदवावी. ती उलटली की सवलतही संपते. मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्या विमानासाठी खोली आदल्या तारखेपासून घ्यावी लागते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. परदेशप्रवासात व्हिसाचा विचार सर्वांत आधी करावा. शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत प्रवासाचा व निवासाचा तपशील मागितला जातो. म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत दोन्ही आरक्षणे शक्यतो रद्द करता येतील अशीच असावीत.

समारोप

‘आधी विमान’ किंवा ‘आधी निवास’ हे दोन्ही सल्ले आपापल्या जागी खरे आहेत आणि सरसकट लागू केल्यास दोन्ही फसवे आहेत. स्थळ, ऋतू आणि व्यवहाराच्या अटी पाहून क्रम बदलतो. कसोट्या बदलत नाहीत. काय दुर्मिळ आहे आणि कोठून परत फिरता येते, या दोन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. प्रवासाला निघताना मनाला जी निश्चिंतता हवी असते, तिचा पाया या कागदावर घातला जातो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. दुर्मिळतेची आणि परतीची कसोटी सोदाहरण स्पष्ट करा.
२. अंदमान आणि हॉर्नबिल महोत्सव यांच्या नियोजनातील क्रम परस्परविरुद्ध का आहे?
३. आपल्या कुटुंबाच्या एखाद्या नियोजित प्रवासासाठी निर्णयक्रम ठरवा व त्याची कारणे दहा ओळींत लिहा.