ॲनालॉग मल्टिप्लेक्सर आणि पुढील मंडलाचे अतिदाबापासून संरक्षण

डीजी ५०८ सारखा आठ मार्गांचा मल्टिप्लेक्सर +१५ व –१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालविला, तर त्या मर्यादेतील कोणताही दाब तो निमूटपणे पुढे पोचवितो. त्यापुढे ५ व्होल्टवर चालणारा १२ बिटांचा अंकरूपांतरक असल्यास एखाद्या मार्गावर चुकून आलेले १५ व्होल्ट रूपांतरकाच्या नाशास पुरेसे होतात. मल्टिप्लेक्सरचा यात काहीच दोष नसतो. म्हणून संरक्षणाची योजना त्याच्या निर्गमापाशीच करावी लागते.

रूढ योजना अशी की, निर्गमानंतर १० किलोओहमचा रोध घालावा व त्यापुढे ५ व्होल्टच्या तारेकडे आणि भूमीकडे एकेक डायोड जोडावा. १५ व्होल्ट आल्यास प्रवाह (१५ – ५ – ०.६) ÷ १०,०००, म्हणजे सुमारे ०.९४ मिलिअँपिअर होतो. हा प्रवाह जातो कोठे, हे पाहण्याची तसदी पुष्कळदा घेतली जात नाही. साधा दाबनियंत्रक प्रवाह देतो, परत घेत नाही. रूपांतरकाची गरज ०.५ मिलिअँपिअरचीच असेल, तर उरलेला प्रवाह पुरवठ्याचाच दाब वर उचलतो आणि ज्याचे रक्षण करावयाचे तेच धोक्यात येते. पुरवठ्यास समांतर ४.७ किलोओहमचा रोध जोडल्यास तो १ मिलिअँपिअरहून किंचित अधिक प्रवाह सतत ओढतो व अडचण दूर होते.

डायोडची निवडही विचारपूर्वक व्हावी. शॉटकी डायोड कमी दाबास उघडतो खरा. परंतु त्याचा गळतीप्रवाह १ मायक्रोअँपिअर धरला, तर १० किलोओहमवर १० मिलिव्होल्टांची चूक होते. ५ व्होल्टच्या आवाक्यात १२ बिटांची एक पायरी १.२२ मिलिव्होल्टांची असते. म्हणजे आठ पायऱ्या गेल्या! १० नॅनोअँपिअर गळतीचा सिलिकन डायोड हीच चूक ०.१ मिलिव्होल्टवर आणतो. तो ०.६ व्होल्टला उघडतो, तर अनेक रूपांतरकांना पुरवठ्यापेक्षा ०.३ व्होल्टच अधिक चालतात. यास्तव डायोड व रूपांतरक यांमध्ये १ किलोओहमचा दुसरा रोध घालणे इष्ट.

रोध वाढविण्यासही सीमा आहे. १० किलोओहम व २० पिकोफॅरड यांचा कालांक ०.२ मायक्रोसेकंद, अर्ध्या पायरीपर्यंत स्थिरावण्यास त्याच्या नऊपट, म्हणजे १.८ मायक्रोसेकंद थांबावे लागते.

दाब १५ व्होल्टच्याही पलीकडे गेल्यास मात्र प्रत्येक मार्गाच्या आगमापाशीच रोध हवा. तेथे बंद असलेल्या मार्गावरील अतिदाबही चकतीतील अंगभूत संधी उघडून निवडलेल्या, निर्दोष मार्गाचे वाचन बिघडवू शकतो. आणि काहीच जळत नसल्याने संशयास जागा राहत नाही. पुरवठा बंद असताना संकेत चालू राहणार असतील, तर दोषसहिष्णु मल्टिप्लेक्सरच वापरावा. त्याचा चालू अवस्थेतील रोध काही शे ओहम असला तरी चालेल.