सहीची किंमत

नागापूरसारख्या औद्योगिक वसाहतीत परगावाहून आलेल्या कामगारास बँकेत खाते उघडावयाचे झाल्यास पूर्वी जुन्या खातेदाराची ओळखीदाखल सही लागे. अशी सही पुष्कळदा भिडेखातर होई. सही करणाऱ्याला काहीच खर्च येत नसे. फसवणूक झाल्यास तोटा मात्र तिसऱ्याला सोसावा लागे. पुढे, २०१२ साली, रिझर्व्ह बँकेने अशा ओळखीची गरज नसल्याचे स्पष्ट केले आणि भार कागदपत्रांवर आला.

संगणकाच्या जगात मात्र ही जुनी पद्धत नव्या रूपाने अवतरली. अमेरिकेतील फिलिप झिमरमन यांनी १९९१ साली गुप्त संदेशांसाठी ‘पीजीपी’ ही प्रणाली प्रसिद्ध केली. तीत प्रत्येकाची एक जाहीर व एक गुप्त किल्ली असते. परंतु दुसऱ्याच्या नावाने किल्ली तयार करणे कोणासही शक्य आहे. म्हणून परिचितांनी परस्परांच्या किल्ल्यांवर सह्या करावयाच्या, असे ‘विश्वासाचे जाळे’ कल्पिले गेले.

येथे पडताळणीची रीत महत्त्वाची. प्रत्यक्ष भेटावे, ओळखपत्र पाहावे आणि किल्लीची चाळीस अक्षरी खूण मालकाने स्वतः दिलेल्या खुणेशी अक्षरशः ताडून पाहावी. सहीचा अर्थ एवढाच की, ही किल्ली याच व्यक्तीची आहे. ती व्यक्ती सज्जन आहे, किंवा तिने इतरांसाठी केलेल्या सह्याही ग्राह्य मानाव्यात, असा अर्थ तीतून निघत नाही. तो निर्णय ज्याचा त्याने वेगळा घ्यावयाचा असतो.

सह्यांची संख्या म्हणजे विश्वास नव्हे, हे २०१९ साली दिसून आले. कोणा खोडसाळाने काही किल्ल्यांवर सुमारे दीड लाख निरर्थक सह्यांचा ढीग रचला आणि त्या वापरणे अशक्य करून टाकले.

आपल्याकडे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने दुसरा मार्ग पत्करला. शासनाने परवाना दिलेल्या संस्था अंकीय सहीचे प्रमाणपत्र देतात. तेथे विश्वास वरून खाली येतो, जाळ्यात तो शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातो. परंतु दोन्हीकडे अखेर कोणीतरी माणूस नीट पडताळून पाहतो की नाही, यावरच सारे अवलंबून असते. ज्याची खात्री केली नाही त्यावर सही नाकारणे हा समोरच्याचा अपमान नव्हे. उलट, त्या सहीवर विसंबणाऱ्या अपरिचिताविषयीचे ते कर्तव्य होय.