विद्यार्थ्यांचा वेळ जातो कोठे?

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना वेळच वेळ असतो, असा समज आपल्या गावांतून अद्याप दृढ आहे. सकाळी चार तास वर्गात बसले की उरलेला दिवस मोकळा, असा हा हिशेब. याउलट कोणत्याही विद्यार्थ्यास विचारावे, तर "वेळच मिळत नाही" हे उत्तर ठरलेले. घरातील वडीलधाऱ्यांना ते आळसावर घातलेले पांघरूण वाटते आणि मुलेही मग अधिक काही सांगण्याच्या भरीस पडत नाहीत. खरे कोणाचे, याचा निवाडा करण्यापूर्वी तास मोजून पाहणे अगत्याचे आहे.

मोजणीसाठी एक अधिकृत माप आता उपलब्ध आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला १२०० तासांचे अध्ययन आणि त्यासाठी ४० श्रेयांक, म्हणजे एका श्रेयांकास ३० तास, असे प्रमाण ठरविण्यात आले आहे. सत्राला २० श्रेयांक धरले, तर ६०० तास होतात. पंधरा आठवड्यांच्या सत्रात ते वाटल्यास आठवड्याला ४० तास येतात. आपल्या राज्यातील शासकीय कार्यालयांत २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. भोजनाची सुटी वजा जाता तेथील कामाचे तासही आठवड्याला ४० च भरतात. अभ्यास नेटाने करणाऱ्या विद्यार्थ्यावरील भार अशा रीतीने एका पूर्णवेळ कर्मचाऱ्याइतका आहे. फरक इतकाच, की व्याख्यानाच्या एका श्रेयांकापैकी वर्गात जातात ते अवघे १५ तास. उरलेले वाचन, टिपणे, स्वाध्याय आणि परीक्षेची तयारी यांचे असतात. हे दुसरे तास घरच्यांच्या दृष्टीस पडत नाहीत, कारण मुलगा अंगणात पुस्तक घेऊन बसला तरी तो 'घरीच' असतो आणि घरी असलेल्या माणसास काम सांगता येते.

लोकांचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो, याची देशव्यापी पाहणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने प्रथम २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये केली. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत विभागून, प्रत्येक खणात काय केले हे विचारण्यात आले. २०२४ च्या पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या सहा वर्षांवरील स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे वेळ जातो. हे आकडे केवळ विद्यार्थ्यांचे नव्हेत. तथापि ज्या घरांत कामाची वाटणी अशी आहे, त्याच घरांतून आपल्या विद्यार्थिनी महाविद्यालयात येतात, हे विसरता येत नाही.

उदाहरणादाखल, तालुक्यापासून वीस किलोमीटरवरील गावातील द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणावी. पहाटे पाणी, झाडलोट, भाकरी, सव्वासहाची एस. टी.; साडेसातला तास सुरू. मध्ये दोन तास रिकामे, कारण प्रयोगशाळेत दुसरी तुकडी आहे. मग प्रात्यक्षिक, आणि पुढे सव्वा तास बसस्थानकावर, कारण परतीची गाडी दोनला आहे. घरी पोहोचेस्तोवर तीन वाजतात. संध्याकाळचा स्वयंपाक तिच्यावरच. या दिवसातील मोकळे तास बेरजेत काढले तर चार-साडेचार सहज निघतील; पण त्यांपैकी सलग दीड तासही हाती लागणे कठीण. बसस्थानकाच्या बाकावर सांख्यिकीचे उदाहरण सुटत नाही. वडील म्हणतात, वेळ आहे. मुलगी म्हणते, वेळ नाही. आणि दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात. तिला उणीव आहे ती अखंड तासांची, आणि हा मुद्दा वेळेच्या चर्चेत बहुधा निसटतो.

अर्थात, विद्यार्थ्याचा स्वतःविषयीचा अंदाज प्रमाण मानावा असेही नाही. जॉन रॉबिन्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये लोकांनी तोंडी सांगितलेले कामाचे तास आणि रोजनिशीत नोंदलेले तास यांची तुलना मांडली. जे सर्वाधिक तास सांगत होते, त्यांचाच अंदाज सर्वाधिक फुगलेला आढळला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंधास किती दिवस लागतील, असे विचारण्यात आले होते. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा निघाला. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. झालेल्या कामाचे तास माणूस वाढवून सांगतो आणि व्हावयाच्या कामाचे कमी धरतो. शेवटच्या आठवड्यातील धावपळीचे मूळ बरेचसे येथे आहे. शिवाय 'फार कामात आहे' असे म्हणण्यात अलीकडे एक प्रतिष्ठाही आली आहे. आणि खिशातला मोबाइल अर्ध्या तासाचे पाच तुकडे करतो तेव्हा त्यांची नोंद कोणीच ठेवत नाही.

श्रम आणि शिक्षण यांचा मेळ घालण्याचा प्रयोग आपल्याकडे जुना आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले आणि १९४७ मध्ये तेथेच छत्रपती शिवाजी महाविद्यालय 'कमवा व शिका' या तत्त्वावर सुरू केले. विद्यार्थी अंगमेहनतीची कामे करीत आणि शिकत. त्यांचे तास आजच्या मुलांपेक्षा कमी भरलेले होते असे कोण म्हणेल? परंतु काम आवारातच होते, त्याची वेळ ठरलेली होती, आणि ते संपल्यावर अभ्यासाची वेळही ठरलेलीच होती. आज हॉटेलात किंवा दुकानात रात्री काम करून शिकणाऱ्या मुलाला हे शेवटचे सुख नाही. त्याला मालकाचा निरोप केव्हाही येतो.

यातील पुष्कळशा गोष्टी स्थानिक पातळीवर हाताळण्याजोग्या आहेत. महाविद्यालयाने वेळापत्रक ठरविताना परतीच्या गाडीची वेळ पाहिली आणि ग्रामपंचायतीने गाडीच्या वेळेसाठी आगाराकडे ठराव पाठविला, तर बसस्थानकावरील तो सव्वा तास वाचतो. गावातील अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी राहिली, तेथे दिवा असला, आणि मुलींना तेथून घरी जाण्याची वाट उजेडाची असली, तर दोन सलग तास मिळतात. पाणी दारात आले की पहाटेचा अर्धा तास सुटतो. नळपाणी योजनेच्या लाभांत हा लाभ सहसा मोजला जात नाही. सर्व विषयांचे स्वाध्याय एकाच आठवड्यात मागविण्याची प्रथा तर केवळ प्राध्यापकांनी एकत्र बसून मोडता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या वर्षाकाठी १२० तासांचे नियोजन सत्रारंभीच हाती दिले, तर तेही जड जात नाही.

आरंभ मात्र नोंदीपासून व्हावा. सत्राच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वर्गशिक्षकाने प्रत्येकास अठ्ठेचाळीस खणांचे कोष्टक सात दिवसांसाठी द्यावे. नाव घालण्याची सक्ती नसावी. मुलगा की मुलगी, गाव किती दूर, एवढे पुरे. आणि त्यास गुण ठेवू नयेत. गुण ठेवले की कोष्टकातले अभ्यासाचे तास आपोआप वाढतात.